सिंगापूर दाखवतो म्हणून नेलं आणि सिंगापूरच दाखवलं नाही

डोकं फिरलंय माझं. आई-बाबांना घेऊन ग्रुप टूरने सिंगापूरला जाऊन आले आणि आल्यापासून जो भेटतो तो विचारतोय काय मग, मजा आली ना? नाही आली. माणशी लाखाच्या वर पैसे मोजून एका एसी बसच्या काचेतून उजवीकडे बघा, डावीकडे बघा, उतरा, फोटो काढा, चला चला चला एवढंच केलं आम्ही. नाक्या-नाक्यावर गुरं मोजावी तशी माणसं मोजायची आणि परत बसमध्ये कोंबायची. याला शहर दाखवणं म्हणतात?

जेवणापासून सुरू करते कारण सगळ्यात जास्त राग त्याचाच आहे. रोज दुपारी इंडियन लंच, रोज रात्री इंडियन डिनर. तेच पनीर, तीच पिवळी डाळ, तोच जिरा राईस, आणि तेही एका वरच्या मजल्यावरच्या हॉलमध्ये, जिथे आपल्याआधीचा ग्रुप उठायच्या आत आपल्याला आत ढकलतात आणि मागे पुढचा ग्रुप उभाच असतो. शेवटी बसलेल्यांना भाजी संपलेली. खाली रस्त्यावर काय आहे? लिटल इंडिया. चार पावलांवर टेक्का सेंटर, जिथे डोसे आहेत, अप्पम आहेत, बिर्याणी आहे, आणि शेजारच्या टेबलवर चिनी आजोबा नूडल्स खात बसलेत. आणि आम्हाला सांगणार, ग्रुप सोडून जाऊ नका, बस निघून जाईल.

अहो, ज्या हॉकर सेंटर्सची, म्हणजे टेक्कासारख्या खाण्याच्या स्टॉलांच्या मंडयांची, खाद्यसंस्कृती २०२० मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली, तिथे एकदाही, एकदाही नेलं नाही! चिनी, मलाय, तामिळ सगळे एकाच छपराखाली एकेका गाड्याएवढ्या जागेत रांधतात, टेबलवर टिश्यूचं पाकीट ठेवलं की ती जागा धरलेली, खाऊन झालं की ट्रे आपला आपण नेऊन ठेवायचा. हे बघायचं नाही तर मग बघायचं काय? आणि 'आपले लोक व्हेज असतात' हे कारण तर मला सांगूच नका. चिनी बौद्ध पद्धतीच्या शाकाहारी जेवणात मांस-मासे तर नसतातच, परंपरेने कांदा-लसूणही टाळतात, आणि असे शाकाहारी स्टॉल हॉकर सेंटरमध्ये असतात. आमच्या ग्रुपमधल्या काकू रोज कांदा-लसूण नको म्हणून त्या हॉलमध्ये भांडत होत्या आणि रोज त्यांच्यापुढे नुसता दहीभात येत होता. टूर मॅनेजरला हे माहीतच नव्हतं. माहीत करून घ्यायची गरजच वाटत नाही यांना.

मग चायनाटाउन. बस साऊथ ब्रिज रोडवरून गेली, माइकवर घोषणा झाली की डावीकडे आपलं मंदिर, सगळ्यांनी काचेतून मोबाईल धरले, संपलं. आता हा एकच रस्ता घ्या. श्री मरिअम्मन मंदिर, १८२७ सालचं, सिंगापुरातलं सगळ्यात जुनं हिंदू देऊळ, आणि ते आहे कुठे तर चायनाटाउनमध्ये. त्याच्या जवळच चुलिया म्हणजे तामिळ मुसलमानांची जामे मशीद. त्याच रस्त्याने थोडं पुढे चालत गेलं की बुद्धाच्या दातासाठी बांधलेलं मोठं लाल मंदिर. चालत! पायी! अर्धा-पाऊण तास सोडला असता ना मोकळं, तर या शहरात कोण कोण माणसं आली आणि कशी शेजारी राहिली हे भाषण न देता कळलं असतं. पण नाही, बस थांबवायला जागा नाही म्हणे. मग त्याच दिवशी चॉकलेटच्या दुकानापुढे बरी जागा मिळाली, आणि तिथे बरा तासभर वेळ मिळाला. कमिशनचं गणित शेंबडं पोरही सांगेल.

कॅम्पाँग ग्लाम तर प्रोग्रॅममध्येच नव्हतं. म्हणजे ज्या मलाय लोकांची भाषा ही देशाची राष्ट्रभाषा, ज्या भाषेत राष्ट्रगीत, त्यांचा जुना भाग सरळ वगळलेला. तिथल्या सुलतान मशिदीच्या सोनेरी घुमटाखाली एक काळपट पट्टा दिसतो, तो काचेच्या बाटल्यांच्या बुडांचा आहे. मशीद बांधताना गरिबांनी दिलेल्या बाटल्या, म्हणजे पैसेवाल्यांच्या देणग्यांबरोबर त्यांचाही हात लागावा. बघून अंगावर काटा येतो हो. आम्ही तिघं पळून जाऊन बघितलं ते, आणि परत आल्यावर बोलणी खाल्ली.

आणि आता जे सांगते त्यावरून मी अजून शांत झालेले नाही. बाबांना सिंगापुरात एकच गोष्ट बघायची होती, नेताजींची जागा. लहानपणापासून आझाद हिंद सेनेबद्दल वाचत आलेला माणूस. पाच जुलै १९४३ ला पाडांगच्या मैदानाजवळ सैनिकांपुढे नेताजींनी 'चलो दिल्ली'ची हाक दिली ते हे शहर. २१ ऑक्टोबरला कॅथे बिल्डिंगमध्ये आझाद हिंद सरकारची घोषणा झाली ती इथे. आपल्या लक्ष्मीबाईंच्या नावाची झाशीची राणी रेजिमेंट उभी राहिली ती इथेच. बाबांनी पहिल्याच दिवशी विचारलं तर टूर मॅनेजर म्हणतो काका, तसलं काही नाहीये इथे. नाहीये?? एस्प्लनेड पार्कमध्ये आझाद हिंद सेनेच्या स्मारकाची खूण आहे. मूळ स्मारक १९४५ मध्ये इंग्रजांनी परत आल्या आल्या पाडून टाकलं, त्या जागी १९९५ मध्ये सिंगापूरच्या नॅशनल हेरिटेज बोर्डाने फलक लावला. मरलायनपासून, म्हणजे त्या तोंडातून पाणी सोडणाऱ्या सिंहमाशाच्या पुतळ्यापासून, पूल ओलांडून चालत दहा-एक मिनिटं. आम्ही मरलायनपुढे त्या पाण्याखाली तोंड उघडल्याचे फोटो काढत उभे होतो तेव्हा ते पलीकडेच होतं, आणि गाडीभर भारतीयांना कुणी एका शब्दाने सांगितलं नाही. रात्री आम्हीच एमआरटीने, म्हणजे तिथल्या मेट्रोने गेलो, बँकेचं कार्ड गेटला टेकवलं की झालं, सिटी हॉलला उतरलो, विचारत विचारत पोचलो. इत्तेफाक, इतमाद, कुर्बानी, आझाद हिंद सेनेचं ते ब्रीद बाबा मोठ्याने म्हणाले. दुसऱ्या दिवशी बसमध्ये हे सांगितलं तर निम्मे लोक म्हणाले अरे, आम्हालाही यायचं होतं की!

आता ग्रुपमधल्यांबद्दलही बोलायलाच हवं, सगळा दोष कंपनीचा नाही. हॉकर सेंटरवरून बस गेली की नाकं दाबून शी काय वास. ट्रेनमध्ये समोर बसलेल्या बाईकडे बघून मोठ्याने चिंकी. त्यांना मराठी कळत नाही पण नजर कळते ना! आणि आमच्या बसचा ड्रायव्हर तामिळ, त्याला रोज कुणीतरी विचारणार इंडियात कुठून? तो म्हणतो सिंगापूर. हो पण ओरिजिनली? तो परत म्हणतो सिंगापूर. त्याचे आजोबा इथे आले, वडील इथे जन्मले, तो इथल्या सैन्यात दोन वर्षं राहून आला कारण तिथे मुलांना ते सक्तीचं आहे. तामिळ ही तिथल्या चार सरकारी भाषांपैकी एक आहे. तरी यांचं चालूच, म्हणजे तुम्ही आपलेच हो. नाही, तो त्याच्या देशाचा आहे, त्याला त्याच्या देशाचा राहू द्या.

आता कुणीतरी म्हणणारच की मग एकटं जायचं होतं, ग्रुप टूर कशाला. अहो, सत्तरीतले आई-बाबा, पहिल्यांदा विमानात बसलेले, इंग्रजीची भीती, गुडघे दुखतात, औषधांची पिशवी. व्हिसा, हॉटेल, विमानतळावरून नेणं-आणणं हे कुणी केलं तर बरंच असतं, त्याचे पैसे द्यायला माझी ना नाही. युनिव्हर्सल दाखवा, सेंटोसा दाखवा, गार्डन्स बाय द बे या बागेतले रात्रीचे दिवे तर आईला इतके आवडले. पण एक संध्याकाळ, फक्त एक संध्याकाळ माणसांमध्ये सोडायला काय जातं तुमचं?

पुढच्या सीझनच्या जाहिराती सुरू झाल्यात. फोन करणार असाल तर बुकिंगचे पैसे भरायच्या आधी तीनच गोष्टी विचारा. हॉकर सेंटरला एक तरी जेवण आहे का, साऊथ ब्रिज रोडला पायी उतरवणार का, आणि एस्प्लनेड पार्कला थांबणार का. काचेतून दाखवतो म्हणाले तर फोन ठेवून द्या.