कायद्यातली पीएचडी फक्त श्रीमंतांसाठी? कुणी ठरवलं हे?

‘कायद्यात पीएचडी म्हणजे श्रीमंतांचा शौक’ असा एक लांबलचक मेसेज सध्या फिरतोय. परवा तो माझ्या भाचीला आला, तोही होणाऱ्या सासरच्या ग्रुपवर. तिचं एलएलएम (कायद्यातली पदव्युत्तर पदवी) झालंय, नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेत जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठी दरमहा पैसे देणारी फेलोशिप, मिळाली आहे. आणि आता घरचेच तिला ‘बघ बाई, अजून विचार कर’ म्हणायला लागलेत. म्हणून एकेक दाव्याचा समाचार घेतो.

‘लाखो रुपये लागतात.’ काही खासगी विद्यापीठांची फी जबर आहे, ते मान्य. पण तीच सगळ्यांना लावायची हा कुठला न्याय? सरकारी विद्यापीठांत फी त्यामानाने बरीच कमी असते. खरा खर्च असतो कमाईविना जाणाऱ्या वर्षांचा, आणि फेलोशिप त्यासाठीच असते. जानेवारी 2023 पासून जेआरएफ पहिली दोन वर्षं महिना 37,000 रुपये आहे, पुढे 42,000, घरभाडं वेगळं. हे पैसे वेळेवर येत नाहीत, अनेकदा महिनोन्‌महिने रखडतात, ही तक्रार मात्र खरी आहे. तिचा जाब सरकारला विचारा, पोरांना घरी बसवू नका.

‘फेलोशिप ठरावीक जातींनाच.’ साफ खोटं. जेआरएफची परीक्षा खुल्या प्रवर्गालाही आहे. महाराष्ट्रात फेलोशिप देणाऱ्या सरकारी संस्थांपैकी बार्टी अनुसूचित जातींसाठी आहे, महाज्योती ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांसाठी, सारथी मराठा-कुणबी समाजासाठी. उलट अल्पसंख्याकांची मौलाना आझाद फेलोशिप केंद्राने 2022 मध्ये बंद केली. त्याबद्दल मेसेजमध्ये एक अक्षर नाही.

आता ज्या वाक्याने माझं डोकं फिरलं ते: ‘लग्न ठरलेल्या मुलींनी जागा अडवू नये, त्या अर्ध्यावर सोडतात.’ लिहिणाऱ्याने यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, 7 नोव्हेंबर 2022 ची पीएचडी नियमावली एकदा उघडायची होती. पीएचडीची मुदत सहा वर्षं, पुनर्नोंदणी करून आणखी दोन. महिलांना त्यावर अजून दोन वर्षांची सवलत. प्रसूती आणि बालसंगोपनासाठी 240 दिवसांपर्यंत रजा. लग्नामुळे गाव बदललं, तर अटी पाळून संशोधनाचं काम नव्या संस्थेत नेता येतं. म्हणजे लग्न होणार, मूल होणार, बदली होणार हे सगळं धरूनच नियम केलेत. तरीही मुली सोडतात तेव्हा घरात त्यांना टेबल-खुर्ची आणि दिवसाचे चार तास कोण देतं, ते विचारा. माझ्या भाचीने अजून प्रवेशही घेतलेला नाही आणि तिने सोडल्याचा निकाल लागलासुद्धा!

‘आरक्षणाने संशोधनाचा दर्जा घसरतो.’ प्रवेशासाठी पदव्युत्तर परीक्षेत 55 टक्के लागतात, राखीव गटांना 5 टक्के सूट आहे. सूट प्रवेशापुरतीच. प्रबंध मात्र संस्थेबाहेरचे किमान दोन परीक्षक तपासतात, पुढे तोंडी परीक्षा असते, तिथे कुणालाही सवलत नाही. आणि दर्जाचंच म्हणाल, तर कायदा पुस्तकात एक असतो आणि गावात दुसराच होऊन बसतो. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला वनहक्क कायद्याखाली जंगलावरचा सामूहिक हक्क 2009 मध्ये मिळाला. पण बांबू विकायला लागणारा वाहतूक परवाना ग्रामसभेच्या हाती यायला 2011 उजाडलं. हक्क कागदावर असूनही तो अडतो कुठे, हे शोधायला गोंडी समजणारी, ग्रामसभेत बसून वाढलेली मुलगी संशोधनात नको का? ती आली नाही तर तो प्रश्न विचारायचं कुणाला सुचणारही नाही.

शेवटचा दावा, ‘प्राध्यापक व्हायला पीएचडी लागतच नाही.’ हे अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य करतो. जुलै 2023 पासून सहायक प्राध्यापकपदासाठी नेट किंवा सेट (राज्यस्तरीय पात्रता परीक्षा) पुरते. पण यूजीसीच्या 2018 च्या नियमांप्रमाणे त्यावरच्या पायरीला, म्हणजे सहयोगी प्राध्यापकाला पीएचडी लागतेच. म्हणजे मेसेजवाल्यांचं ऐकलं तर भाचीने नोकरीला लागायचं आणि पहिल्याच पायरीवर निवृत्त व्हायचं.