फास्टॅगला काही ऐकू येत नाही, काकाजी

काकाजींनी काल सकाळी घरच्या ग्रुपवर टाकलेला मेसेज दुपारपर्यंत अख्ख्या तालुक्यात फिरून राहिला होता, मलाच तीन जणांकडून परत आला. मेसेज असा की समृद्धी महामार्गाच्या खांबांवर वायरलेसचे डबे लागणार, पुढं अपघात झाला की मागच्या सगळ्या गाड्यांना त्याच सेकंदाला खबर, हे काम तुमचा फास्टॅगच करते, त्या डब्यातून मोबाईलवरचं बोलणंही ऐकतात, अन् आता अपघात बंद. काकाजी, राग मानू नका, पण एकेक पाहू.

आधी फास्टॅग. त्या स्टिकरात बॅटरीच नाही ना बाप्पा! टोलवरचा रीडर लहरी फेकते, त्याच्यावरच चिप जागी होते, आपला नंबर सांगते अन् परत गप. दुसऱ्या गाडीचं तिला ऐकूच येत नाही. गाड्यांना आपसात बोलायला वेगळा रेडिओ लागते, ५.९ गिगाहर्ट्झवरचा, तो आपल्या गावात एकाही गाडीत नाही.

'सगळ्यांना त्याच सेकंदाला' यावर मात्र जरा बसून बोलू. असा रेडिओ असलेली गाडी सेकंदाला दहादा सांगत राहते, मी इथं आहे, इतक्या स्पीडनं, या दिशेला चाललो. ऐकू जाते साधारण ३०० मीटर, मोकळं असलं तर जास्त, मधात भरलेला ट्रक आला तर लय कमी. १२० च्या स्पीडला ३०० मीटर म्हणजे नऊ सेकंद. एका डब्याचे मागं-पुढं तीनशे-तीनशे मीटर धरले तरी समृद्धीच्या ७०१ किलोमीटरला अकराशेच्या वर डबे लागतील, म्हणून खरी डोकेफोड गाडीनं गाडीला निरोप कसा द्यावा यावर झाली. गाड्या दाट असल्या अन् प्रत्येकीनं ऐकलेलं परत सांगितलं तर आपल्या ग्रामसभेसारखा कल्ला होते, कोणालाच काही समजत नाही. त्यावर एक उपाय मला लय आवडतो: जिला सर्वात लांबून ऐकू आलं ती सर्वात कमी थांबते अन् आधी बोलते, मधातल्या तिचं ऐकून गप बसतात.

रात्री दोन वाजता मेहकर-कारंजाच्या मधात उलटंच, मागं दोन-दोन किलोमीटर गाडी नाही. मग निरोप पलीकडच्या लेननं जाणाऱ्या गाडीजवळ द्यायचा, ती घेऊन जाते अन् समोरून येणारी जी भेटेल तिला सांगते. पहिले यष्टीच्या कंडक्टरजवळ चिठ्ठी द्यायचे, तसंच. आता हे त्याच सेकंदाला कसं होईल? डब्याचा उपयोग इथंच, तो निरोप धरून बसते अन् गाडी येईपर्यंत घोकत राहते.

मोबाईल ऐकायचं तर सोडूनच द्या, त्या निरोपात आवाज नसतेच, जागा, स्पीड, दिशा असलंच काही असते. पण तो उघडा असते, रेडिओवाला कोणीही वाचू शकते, त्यामुळं भ्यायचंच तर गाडी कुठं कुठं गेली याचा माग निघेल याला भ्या. निरोप खोटा नाही हे समजावं म्हणून त्यावर डिजिटल सही असते, अन् माग निघू नये म्हणून सहीमागची ओळख थोड्या थोड्या वेळानं बदलत राहते.

राहिलं 'अपघात बंद'. दहातल्या एका गाडीत रेडिओ असला तर समोरासमोर आलेल्या दोन्ही गाड्यांत तो असायचा चान्स शंभरात एक. अमेरिकेनं १९९९ मध्ये यासाठी रेडिओ लहरींचे ७५ मेगाहर्ट्झ राखून ठेवले, वीस वर्षं झाली तरी गाड्यांत रेडिओ फारसे आलेच नाहीत, शेवटी २०२० मध्ये त्यातले ४५ काढून वायफायला देऊन टाकले. अन् आपल्याकडं तर रोही, म्हणजे नीलगाय, आडवं येते, त्याच्या गळ्यात कोण रेडिओ बांधणार? ड्रायव्हरचा डोळा लागला तर निरोप येऊनही काय करता.

अन् काकाजी, फाट्यावरून रात्री पऱ्हाटीची ट्रॉली आणता तिला मागं लाईटही नाही अन् लाल रेडियमही नाही, दिवाळीपासून सांगून राहिलो. रविवारी वर्ध्याहून पट्टी घेऊन येतो, ट्रॉली धुवून ठेवा.