नॅक येतंय म्हणून लॅबचं स्टोअर गटारात ओतू नका

आज मुलीच्या ॲडमिशनच्या कामासाठी विद्यापीठाच्या एका कॅम्पसवर गेले होते. आपल्या कोकणातलंच आहे, नाव लिहीत नाही. विज्ञानाच्या इमारतीमागे सफाईच्या दोन मावशी उकिडव्या बसून तपकिरी बाटल्या रिकाम्या करत होत्या. लेबलं पिवळी पडून गळलेली. बाटली उघडायची, गटारात ओतायची, नळाखाली विसळायची, गोणपाटावर पालथी घालायची. हातात मोजे नाहीत, पायात स्लिपर, नाकाला पदर. विचारलं तर म्हणाल्या, "नॅकवाले येतायत ना ताई, सायबांनी स्टोअर साफ करायला सांगितलंय. बाटल्या भंगारवाल्याला जायच्यात." नॅक म्हणजे कॉलेज-विद्यापीठांचा दर्जा तपासणारी परिषद.

घरी आले तरी डोकं शांत होत नाही. मला आमच्या लॅबमधले परिचर काका आठवतायत.

मी एमएस्सीला होते. "वेस्ट त्या बाटलीत ओता" एवढंच त्यांना सांगितलेलं. बाटली नायट्रिक ॲसिडची, तळाशी थोडं उरलेलं. काकांनी त्यात अल्कोहोलचं वेस्ट ओतलं आणि वास येतो म्हणून झाकण गच्च लावलं. ही दोन एकत्र आली की वायू तयार होत राहतो, त्याला बाहेर पडायला वाट लागते. बाटली फुटली. काकांचा डावा डोळा गेला. आणि चौकशीत काय निघालं? परिचराचा निष्काळजीपणा! बाटलीवर आत काय आहे ते न लिहिणारे सगळे साहेब आपापल्या खुर्चीत तसेच.

यात अवघड असं काय आहे हो? क्लोरोफॉर्मसारखी क्लोरीनवाली द्रावणं एका कॅनमध्ये, ॲसिटोन-अल्कोहोल दुसऱ्यात, ॲसिड वेगळं, पारा-क्रोमियमचं वेगळं. प्रत्येकावर नाव आणि तारीख. काकांच्या बाटलीवर एवढी एक चिठ्ठी असती तर त्यांचा डोळा वाचला असता.

पर्यावरणशास्त्राची मुलं खाडीचं पाणी तपासायला सीओडीची, म्हणजे पाण्यातली सेंद्रिय घाण मोजायची, टेस्ट करतात. तिला पोटॅशियम डायक्रोमेट लागतं, पाऱ्याचं आणि चांदीचं सल्फेट लागतं. टेस्ट झाली की ते नारिंगी-हिरवं पाणी कुठे जातं? बेसिनमध्ये. बेसिनचा पाइप शोषखड्ड्यात, आणि खड्डा जांभ्यात. आपला जांभा किती पाणी पितो ते कोकणातल्या माणसाला मी सांगायला नको. कॅम्पस वर सड्यावर आणि विहिरी खाली वाडीत.

भंगाराचं म्हणाल तर दिल्लीचं मायापुरी आठवा. 2010 साली दिल्ली विद्यापीठाने वर्षानुवर्षं पडून असलेलं एक यंत्र लिलावात भंगारात काढलं. आत कोबाल्ट-60 होतं. भंगारवाल्यांनी ते फोडलं, कित्येक जण किरणोत्साराने भाजले, एक कामगार गेला. मेला तो भंगारात काम करणारा, विद्यापीठातला कुणी नाही. आमच्या काकांचंही तेच झालं. केमिकल मागवणारा एक आणि भोगणारा दुसराच.

खर्च येतो, मान्य. चार कॅनसाठी तळोज्याच्या घातक कचरा प्रकल्पाची गाडी इतक्या लांब कोण पाठवणार, हेही मान्य. मग जिल्ह्यातल्या कॉलेजांनी मिळून प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे जा, एकत्र सोय मागा. 2016 च्या नियमांत घातक कचरा साठवायला 90 दिवस दिलेत, आणि आपल्याकडे बाटल्या पिढ्यान्‌पिढ्या पडून असतात! केमिकल विकत घेताना कोटेशनं काढता, तीन सह्या घेता. टाकताना एकही सही नको?

त्या मावशींना मी हात साबणाने धुवायला लावले. एकीच्या बोटांची सालं निघाली होती. "रोजचंच आहे ताई," म्हणाली आणि हसली. काकाही असेच हसायचे, डोळ्यावर पट्टी असताना. मुलीच्या विभागप्रमुखांना मी तिथूनच फोन लावला, काम थांबवायला लावलं. उद्या लेखी तक्रार देणार आहे. ज्यांची मुलं तिथे शिकतात त्यांनी सहीला या.

आणि जे केमिस्ट्री शिकवतात त्यांच्यासाठी: नॅकच्या घाईत स्टोअर आवरायला घेतलंत आणि मागच्या फळीवर पिक्रिक ॲसिडची जुनी, सुकलेली बाटली दिसली, तर झाकण फिरवू नका, हलवूही नका. सुकलेलं पिक्रिक घर्षणानेही फुटतं. खोलीला कुलूप घाला, जाणकार माणूस बोलवा. मावशींना आत पाठवू नका.