टेलिस्कोप माळ्यावरून काढताय? मग हे वाचाच

तर मंडळी, आधी आकाशनिरीक्षणाचं वेड होतं, मग मध्येच सायकलिंग शिरलं, काही वर्षं तारेबिरे सगळं विसरलात, आणि आता सायकल भिंतीला टेकलीय नि शनी-गुरू पुन्हा खुणावताहेत. अभिनंदन! परतीची वाट सोपी आहे, फक्त खालच्या सूचना मनापासून पाळा.

आधी नवीन टेलिस्कोप शोधायला लागा. जुना धडधाकट आहे, पण त्यात काय मजा? रात्र रात्र रिव्ह्यू बघा, आकाश नेमकं त्याच रात्री काचेसारखं स्वच्छ असतं.

टेलिस्कोप फिरवणाऱ्या मोटरच्या डब्यातले सेल काढून ठेवले नव्हतेत ना? छान, आता तो पांढरा खार स्क्रूड्रायव्हरने खरवडत बसा.

जुना ग्रुप अजून निरीक्षणाला जातो, तिथे थेट जाऊन शिकवायला लागा. तुम्ही सोडलंत त्या दिवसापासून सगळे हातावर हात धरूनच बसलेत. शनी पण. 2017 साली तुम्ही बघितलात तेव्हा त्याची कडी मस्त 27 अंशांनी कललेली होती ना, मग आजही तशीच दिसायला हवीत, नाही दिसली तर ज्याचा टेलिस्कोप आहे त्याला सगळ्यांदेखत सांगा की तुझ्या ऑप्टिक्समध्ये गडबड आहे. 2025 च्या मार्चमध्ये कडी आपल्याला बरोबर कडेने दिसण्याच्या स्थितीत आली होती, दर 15 वर्षांच्या आसपास असं होतंच, आत्ता कुठे ती हळूहळू उघडायला लागलीत, असल्या फालतू माहितीत पडू नका.

स्वतःच्या आयपीसवर, म्हणजे डोळा लावायच्या भिंगावर, बुरशी आलीय? दुसऱ्याची मागा. वापरून झाली की खिशात, किल्ल्यांसोबत.

टॉर्च पांढराच आणा, आणि फुल. लोक अर्धा तास अंधारात डोळे सरावून बसलेले असतात, त्यांना जरा बदल.

आणि आरसा. आरशावर धूळ दिसली की लगेच पुसा. विचारायचं नाही, मालक ताऱ्यांचा चार्ट बघतोय तेवढ्यात नळीत वाकायचं, हाऽऽ करून वाफ सोडायची आणि टीशर्टच्या टोकाने गोल गोल घासायचं, बाथरूममधला पुसतो तसा. आता बाथरूमच्या आरशाला मुलामा काचेच्या मागे असतो आणि टेलिस्कोपच्या आरशाला पुढे, उघडा, जेमतेम 100 नॅनोमीटरचा अॅल्युमिनियमचा थर, त्यावर धुळीचे कण दाबून फिरवले की पॉलिश पेपरच झाला, पण तुम्ही तर आमच्याआधीपासूनचे, तुम्हाला कोण सांगणार! थोड्या धुळीने दिसण्यात काडीचा फरक पडत नाही हो. अगदीच घाण झाला तर आरसा काढून वाहत्या पाण्याखाली धरायचा, साबणाचा एखादा थेंब, शेवटी डिस्टिल्ड वॉटर, आणि उभा करून वाळू द्यायचा, पुसायचा नाही, मग परत बसवून कॉलिमेशन करायचं, म्हणजे आरसे एका रेषेत जुळवायचे. हे तूच मला शिकवलं होतंस ना रे? तूच!

बास, गेला तो उपरोध चुलीत. परवा माझ्या आरशावर गोल ओरखडे पडलेत, टॉर्च तिरका धरला की सगळे दिसतात, आणि वर म्हणे "एवढं काय त्यात, नवीन मुलामा देतात की." देतात, खर्च तू करणार आहेस का? छंद सोडलास त्याचं कुणाला काही वाटलं नाही, सगळेच सोडतात, मजेत सायकल चालव. पण परत येतोस तर नवख्यासारखा ये. चार वेळा नुसता मागे उभा राहून बघ, दुसऱ्याच्या वस्तूला हात लावायच्या आधी तोंड उघडून विचार. आणि आधी स्वतःचा तो माळ्यावरचा डबा खाली काढ, त्यातला आरसा घास हवा तेवढा.

माझी 25 मिलिमीटरची आयपीस अजून तुझ्या जॅकेटमध्ये आहे. दोन्ही झाकणं लावून आणून दे. पुसू नकोस.