दम दिला, त्यानं ऐकलं, मग?

काल सकाळी सात रस्त्याजवळच्या टपरीवर नेहमीची बैठक. म्यानमारच्या यादवीचा विषय निघाला आणि एकानं चहाचा ग्लास ठेवता ठेवता निकाल लावला, "आपल्या सरकारनं एक दम दिला ना, गप बसतेत बघ सगळे." तिथं बोललो नाही. घरी येऊन राहवेना म्हणून लिहितोय. लांबलंय, वेळ असेल तर वाचा.

दम आपण देऊन पाहिलाय ओ. १९८७ साली, श्रीलंकेला. उत्तरेकडच्या तमिळ जाफन्याची नाकेबंदी होती, तमिळ वस्त्यांवर फौजेची मोहीम चालू होती. मदत घेऊन निघालेल्या आपल्या होड्या त्यांच्या नौदलानं माघारी लावल्या. दुसऱ्याच दिवशी, ४ जूनला, आपल्या पाच एएन-३२ मालवाहू विमानांनी जाफन्यावर शिधा टाकला, सोबतीला मिराज लढाऊ विमानं. माल साधारण २५ टन. आपल्या मार्केट यार्डात एका सकाळी दोन-तीन ट्रक उतरतात, तेवढाच. त्यात जाफन्याचं पोट काय भरणार! पण श्रीलंकेचे अध्यक्ष जयवर्धनेंना काय समजायचं ते समजलं. दोन महिन्यांच्या आत, २९ जुलैला, करारावर सही.

इथपर्यंत टपरीवरच्या मित्राचं बरोबर आहे.

सही राजीव गांधींची आणि जयवर्धनेंची. लढत होते ते वाघ, म्हणजे एलटीटीई ही तमिळ बंडखोर संघटना, त्यांची सहीच नाही. त्यांचा म्होरक्या प्रभाकरन, त्याला दिल्लीच्या हॉटेलात बसवून होकार वदवून घेतलेला. बांधाच्या भांडणात असा दुसऱ्याच्या वतीनं शब्द देणारा पंच आमच्याकडं दोन्हीकडून शिव्या खातो. जयवर्धने मात्र वस्ताद. वाघांची हत्यारं उतरवायचं काम आपल्या गळ्यात घातलं आणि स्वतःची फौज दक्षिणेतलं जेव्हीपी या डाव्या सिंहली पक्षाचं बंड मोडायला मोकळी केली. ऑक्टोबरपासून आपले जवान त्याच वाघांशी लढत होते. नंतर अध्यक्ष झालेल्या प्रेमदासांनी तर आपल्याविरुद्ध वाघांनाच हत्यारं पुरवली. मार्च १९९० मध्ये आपली ही फौज, शांतिसेना, परतली तेव्हा सुमारे १,२०० जवान मारले गेलेले होते.

आमच्या गल्लीत एक निवृत्त फौजी काका आहेत, बार्शीकडचे, तिथं होते. फार बोलत नाहीत. "आधी हार घालायचे, नंतर मोरीखाली सुरुंग," एवढंच. आजही ओढ्यावरच्या मोरीशी आले की ते स्कूटरचा वेग कमी करतात. मागं बसलेल्याला वाटतं, खड्डा असेल.

दोस्ताला दम देऊ नये असं मी म्हणत नाही. माणसं मरत असताना गप बसणं बरं नव्हे. पण मागणी अशी हवी की ती त्यानं स्वतः पुरी करावी, आपल्याला राखण करत बसावं लागू नये. तमिळ भागाला अधिकार द्या म्हणून त्यांच्याकडून तेरावी घटनादुरुस्ती करून घेतली. उत्तरेच्या प्रांतिक परिषदेची निवडणूक झाली २०१३ ला. जमीन आणि पोलीस यांवरचे अधिकार कोलंबोनं सोडलेच नाहीत, आणि परिषदेची मुदत २०१८ मध्ये संपली ती संपलीच. नमलेला माणूस टाळाटाळ किती करू शकतो, बघा.

उद्या त्या मित्राला विचारणार आहे, दम दिला, त्यानं ऐकलं, मग? काकाही कधीकधी येतात टपरीवर. ते असतानाच विचारीन.