डेक्कन ट्रॅपमध्ये लाव्हा ‘अडकला’ नव्हता

पावसाळा आला की सह्याद्रीच्या फोटोंखाली हा मजकूर फिरू लागतो: ‘लाव्हा दख्खनच्या पठारात अडकला म्हणून डेक्कन ट्रॅप. नाव इंग्रजांनी ठेवलं. डोंगरातली प्रत्येक पायरी म्हणजे एकेक उद्रेक.’ तिन्ही वाक्यांत गफलत आहे.

लाव्हा अडकला? उलट मोकाट सुटला. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लांबलचक भेगांतून वर येऊन तो उघड्यावर पसरला. त्याचे थिजलेले थर म्हणजे डेक्कन ट्रॅप. झिजून उरलेला भागच आज जवळपास ५ लाख चौरस किलोमीटर भरतो. तेलशोधकांच्या ‘ट्रॅप’मध्ये तेल-वायू खरोखर अडकतात, पण तो शब्द वेगळा.

हा ‘ट्रॅप’ आला स्वीडिश ‘ट्रापा’वरून, म्हणजे जिना. पायऱ्या-पायऱ्यांनी झिजणाऱ्या काळ्या खडकाला तिकडे अठराव्या शतकातच ‘ट्रॅप’ म्हणत. इंग्रज लष्करी अधिकारी कर्नल साइक्स यांचा दख्खनच्या भूरचनेवरचा लेख १८३३ सालचा. तोवर युरोपात शब्द रुळला होता. सैबेरियातल्या २५ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाथरांनाही ट्रॅपच म्हणतात, आणि तिथे काही इंग्रजांचं राज्य नव्हतं.

पायऱ्या मोजून उद्रेक मोजण्याची चूक मात्र जाणकारही करतात. लाव्हाचा जाड प्रवाह थंड होताना वायूचे बुडबुडे वर चढतात, त्यामुळे माथा सच्छिद्र होतो आणि पोट घट्ट राहतं. माथ्यातल्या पोकळ्यांत पुढे पाण्यामुळे झिओलाइट, कॅल्साइट ही खनिजं भरतात. हा थर लवकर कुजून त्याचा मुरूम होतो, उतार पडतो, झाडी धरते. घट्ट पोटाला उभ्या भेगा असतात. तिथून दगडाचे ठोकळे सुटून पडतात आणि कडा सरळसोट राहतो. म्हणजे कडा आणि त्यावरचा उतार, दोन्ही एकाच प्रवाहाचे असू शकतात. याउलट पातळ जिभांसारखे अनेक प्रवाह एकावर एक साचले असतील, तर सगळ्यांचा मिळून एकच उतार दिसतो.

प्रवाह वेगळे करायचे तर सच्छिद्र माथा आणि त्यावरच्या घट्ट खडकाची सीमा शोधावी. मध्ये लाल मातकट पट्टा, म्हणजे रेड बोल, मिळाला तर काम सोपं: दोन प्रवाहांमधल्या काळात कुजलेला तो पृष्ठभाग. पण तो प्रत्येक सीमेवर नसतो. बोअर घेताना लागला तर ओला होऊन ढासळतो आणि भोक बुजवतो, म्हणून तेवढ्या खोलीपर्यंत केसिंग, म्हणजे आधाराचा पाइप, घालावंच लागतं.