किरकोळ काम

जुनी मोटरसायकल विकणाऱ्यांची एक स्वतंत्र भाषा असते. ‘कार्बोरेटर साफ केला की चालू होईल’ म्हणजे पिस्टन आणि सिलिंडर यांनी कधीच एकमेकांना आयुष्यभराचं वचन देऊन टाकलंय. ‘थोडं वायरिंगचं काम आहे’ म्हणजे वायरिंग नाही. ‘सगळं ओरिजिनल आहे’ हे वाक्य मात्र शंभर टक्के खरं असतं, कारण गंजसुद्धा ओरिजिनल असतो. ही तिन्ही वाक्यं मी भक्तिभावाने ऐकली आणि गाडी टेम्पोत घालून घरी आणली. सोबत एक गोणी होती. गोणीत उरलेली गाडी होती.

गाडी इंग्लंडातली, १९५० च्या दशकातली, ३५० सीसी, एका सिलिंडरची. कंपनीचं नाव सांगत नाही. कंपनी केव्हाच मिटली, आणि गेलेल्यांबद्दल वाईट बोलू नये अशी आमच्या आईची शिकवण आहे. घरामागच्या अडगळीच्या खोलीला मी त्या दिवसापासून वर्कशॉप म्हणू लागलो. घरातले अजून अडगळीची खोलीच म्हणतात, आणि म्हणताना माझ्याकडे बघतात.

खोलणं सोपं, बसवणं अवघड, असं म्हणायची पद्धत आहे. म्हणणाऱ्यांनी सत्तर वर्षांचा नट कधी खोललेला नसतो. पहिल्याच नटाला मी तेराचा पाना लावला, तो आत शिरेना. चौदाचा लावला, तो नटाभोवती प्रदक्षिणा घालू लागला. साडेतेराचा पाना मिळतो का, असं मी दुकानात विचारलं तेव्हा दुकानदाराने मला पाणी हवं का विचारलं.

मग उलगडा झाला. जोसेफ व्हिटवर्थ नावाच्या इंग्रज गृहस्थांनी १८४१ साली आट्यांचं प्रमाण ठरवून दिलं. तोवर प्रत्येक कारखाना आपापल्या मर्जीने आटे पाडत असे, त्यामुळे माणसाने काम केलं ते मोठंच. त्यांनी आट्याचा कोन ५५ अंश धरला. मेट्रिकवाल्यांनी पुढे ६० धरला. या पाच अंशांच्या फटीत माझे कित्येक रविवार पडलेत, आणि अजून सापडलेले नाहीत. बरं, व्हिटवर्थच्या पान्यावर १/४ असं कोरलेलं असलं तरी त्याचं तोंड पाव इंचाचं नसतं. पाव इंच ही बोल्टच्या दांड्याची जाडी. पान्याचं तोंड असतं ०.५२५ इंच, म्हणजे साधारण १३.३ मिलिमीटर. हाच पाना बारीक आट्यांच्या, बीएसएफ जातीच्या ५/१६ च्या बोल्टलाही चालतो, म्हणून त्याच्यावर दोन आकडे असतात, आणि पट्टी लावून मोजलं तर दोन्ही खोटे. शिवाय गाडीत काही ठिकाणी सायकलचे आटे, इंचाला २६. हे सगळं मी बाबांना समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “आणि एवढं करून त्यांनी अर्ध्या जगावर राज्य केलं. कमाल आहे.”

योग्य पाना मिळाला म्हणजे नट सुटतो असं नाही. फक्त आता तो न सुटायला आपण जबाबदार असतो. अॅसिटोन आणि एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल, निम्मं-निम्मं मिसळून सोडलं की गंजलेले आटे मोकळे होतात, हा या धंद्यातला जुना तोडगा. (अॅसिटोन कुठून आलं याची चौकशी मुलीने तिच्या नेलपॉलिशच्या संदर्भात केली.) तरी नाही सुटला तर नट ब्लोलॅम्पने तापवायचा आणि मेणबत्तीचं टोक आट्यांच्या तोंडाला टेकवायचं. मेण वितळून आत ओढलं जातं, धूर येतो, स्वयंपाकघरातून “आता काय जाळतोयस?” अशी हाक येते, आणि मग पाना हातात घ्यायचा. यात कान फार महत्त्वाचा. नट करकचून ओरडला तर आनंद मानावा, तो सुटतोय. पण तो अचानक समजूतदार झाला, कुरकुर न करता मऊ मऊ फिरायला लागला, तर थांबावं. तो सुटत नसतो, तुटत असतो. माणसांच्या बाबतीतही हेच असावं असं मला बायकोशी बोलताना एक-दोनदा वाटून गेलंय.

पिस्टन डिझेलमध्ये मुरत ठेवला. मुरला, सुटला. विकणाऱ्याच्या वाक्यातला कार्बोरेटर तोवर गोणीतच होता. पण पिस्टनची पिन ज्या दोन सर्क्लिपांनी अडवलेली असते, त्यांतली एक काढताना टिंग असा आवाज झाला आणि खोलीतून एक वस्तू कमी झाली. सर्क्लिप म्हणजे स्प्रिंगच्या तारेचं एक अर्धवट कडं. दोन रुपयांच्या नाण्याएवढंही नसतं, पण सुटलं की कुठल्या दिशेने गेलं हे त्यालाच ठाऊक. मी, बायको, मुलगी आणि शेवटी आईसुद्धा गुडघ्यांवर बसून लोहचुंबकाने फरशी पिंजून काढत होतो. स्टिअरिंगमधले हरवलेले छर्रे सापडले, आईची सुई सापडली, कपाटाची किल्ली सापडली. दमून मुलीने विचारलं, “बाबा, ही नाही सापडली तर दुसरी मिळत नाही का?” मी म्हणालो, “मिळते. नवीनच बसवायची असते. जुनी कधीच परत वापरत नाहीत.” खोलीत शांतता पसरली. जुनी शोधायची ती एवढ्यासाठी, की ती इंजिनाच्या पोटात, क्रँककेसमध्ये, पडलेली नाही याची खात्री व्हावी. हे कारण मी दिलं, ते बरोबरही आहे, पण तोवर तिघीही उठून गेल्या होत्या.

गंज काढायला मला विजेची पद्धत आवडते. प्लास्टिकची बादली, पाण्यात धुण्याचा सोडा, बॅटरी चार्जरचं ऋण टोक गंजक्या भागाला आणि धन टोक एखाद्या भंगार लोखंडाच्या तुकड्याला. बुडबुडे येतात, ते हायड्रोजनचे, म्हणून बादली उघड्यावर आणि ठिणगी लांब. दुसऱ्या दिवशी मडगार्डचे ब्रॅकेट काळे होऊन निघतात, घासले की लख्ख. एवढं सोपं. पण हल्लीचे चार्जर हुशार झालेत. समोर बॅटरी दिसल्याशिवाय ते करंटच सोडत नाहीत, बादली बघून तर त्यांना अपमान वाटतो. जुना, मठ्ठ, भुणभुण करणारा चार्जर शोधावा लागला. आई रोज ती बादली बघायची. एक दिवस तिलाच उत्साह आला. “लोखंडाचा तुकडा संपला ना? हा स्टीलचा डबा घे, मला नकोय.” एवढ्या काळात तिने गाडीसाठी स्वतःहून काही देण्याची ही पहिली वेळ, आणि मला नाही म्हणावं लागलं. स्टेनलेस स्टील धन टोकाला लावलं तर क्रोमियमचं विषारी संयुग पाण्यात उतरतं. मी हे तिला नीट सांगितलं. तिने ऐकलं एवढंच, की तिच्या डब्यात विष आहे.

रंगाबद्दल फार लिहीत नाही. टाकीवर शेवटचा हात मारल्यावर एक डास येऊन बसला आणि तो आता गाडीचा भाग आहे.

लिहायचं आहे ते तज्ज्ञांबद्दल. गाडी उघडी पडली की ते कुठूनही येतात. पहिला प्रकार ‘आमच्याकडे होती’वाल्यांचा. ज्याला विचारावं त्याच्या घरी हीच गाडी होती, हाच रंग होता, आणि वडिलांनी ती भंगारात दिली. इतक्या वडिलांनी इतक्या गाड्या भंगारात दिल्या असतील तर त्या कारखान्याने रात्रपाळ्या केल्या असणार. आमचे शेजारचे काका यातलेच. कुंपणाच्या भिंतीवर कोपरं टेकून ते रोज संध्याकाळी निदान करतात, आणि ते कायम एकच असतं, “प्लग ओला झाला असेल.” इंजिन चौकटीत नव्हतं तेव्हाही त्यांचं हेच मत होतं.

दुसरा प्रकार ओरिजिनलवाल्यांचा. हे हातात भिंग घेऊनच जन्माला येतात. मी वायरिंग करताना बॅटरीचं धन टोक चौकटीला जोडत होतो, तर एक सामान्य माणूस म्हणाला, उलटं लावतोयस. पण या इंग्रजी गाड्यांत धन टोकच अर्थला, म्हणजे चौकटीला, असतं. तेवढ्यात ओरिजिनलवाला म्हणाला, शाब्बास, आणि दिवा ६ व्होल्टचाच ठेव. ठेवला. त्या दिव्यात रस्ता दिसत नाही, समोरून येणाऱ्याला फक्त एवढं कळतं की अंधारात कुणीतरी खिन्न होऊन येतंय. मी १२ व्होल्टचं नाव काढलं तर गृहस्थाने असं पाहिलं की मी आजोबांच्या फोटोला गॉगल लावतोय. तेव्हा मी त्याला डाइमलरची गोष्ट सांगितली. डाइमलर आणि मायबाख यांनी १८८५ साली पेट्रोलवर चालणारी पहिली मोटरसायकल बनवली. चौकट लाकडाची, म्हणजे गंजाची कटकट नाही. पण ठिणगीऐवजी ज्योतीवर लाल होणारी नळी, तीही सीटखाली, आणि पहिल्याच फेऱ्यांत सीट पेटली असं सांगतात. ती मूळ गाडी १९०३ च्या कारखान्याच्या आगीत जळून गेली. आज संग्रहालयांत दिसतात त्या सगळ्या प्रतिकृती. म्हणजे खुद्द मूळ पुरुषच ओरिजिनल शिल्लक नाही, तर माझ्या बल्बचं काय घेऊन बसलात? यावर तो म्हणाला, “ते ठीक आहे, पण तुमचा मडगार्डचा वॉशर चुकीचा आहे.”

या गाडीला किल्ली नाही. बॅटरीशी इंजिनाचं देणंघेणं नाही, कारण ठिणगी मॅग्नेटो स्वतः बनवतो. मॅग्नेटोचे पॉइंट, म्हणजे उघडझाप करून ठिणगी पाडणारे दोन संपर्क, ०.३ मिलिमीटर उघडले पाहिजेत, आणि पिस्टन ठरल्या उंचीवर आला की नेमके त्याच क्षणी उघडायला लागले पाहिजेत. तो क्षण पकडायला सिगारेटच्या कागदासारखं साधन नाही. कागद दोन पॉइंटांच्या मध्ये धरायचा, हलका ताण द्यायचा आणि इंजिन सावकाश फिरवायचं. कागद घट्ट असेपर्यंत पॉइंट बंद. ज्या क्षणी तो अलगद निसटून हातात येतो, तोच क्षण. हे सगळं मला आधी माहीत होतं, बायकोला माहीत नव्हतं. धुवायच्या पँटच्या खिशात तिला सिगारेट वळायच्या कागदाचं पाकीट मिळालं.

“हे काय?”

“मॅग्नेटोसाठी.”

“मॅग्नेटो ओढतो?”

तिला खोलीत नेऊन प्रात्यक्षिक दाखवलं. कागद अगदी वेळेवर निसटला. तिचा विश्वास बसला, मी खूश झालो, आणि मॅग्नेटोच्या चाकाचा नट आवळला. हे चाक नुसत्या उतरत्या दांड्यावर घट्ट बसतं, त्याला अडवायला चावी वगैरे नसते. नट आवळताना ते एक केसभर सरकतं, आणि टायमिंग गेलं. परत सैल, परत कागद, परत आवळ. शेवटी चाक कुठे जाणार याचा अंदाज घेऊन मुद्दाम चुकीच्या जागी लावायला शिकलो, म्हणजे आवळल्यावर ते बरोबर जागी जातं. पाकीट संपलं तेव्हा आणायला बायकोच गेली. दुकानदाराने तिच्याकडे कसं पाहिलं हे ती अजून सांगते.

अखेर गाडी अंगणात स्टँडवर उभी राहिली. चेन यायची होती, सिलिंडरमधला दाब सोडणाऱ्या डिकंप्रेशनची केबल यायची होती, बाकी किरकोळ काम. नुसतं इंजिन ऐकू म्हटलं. हँडलवरचा छोटा लिव्हर रिटार्डला घेतला, म्हणजे ठिणगी उशिरा पडेल असा केला, कारण तो विसरला तर किक उलटी येते आणि माणूस भिंतीपलीकडे काकांकडे जातो. सगळं वजन टाकून किक मारली. काही नाही. परत मारली. भिंतीवरून प्लगबद्दल मत आलं. पुढच्या किकला इंजिन खोकलं, एक पांढरा ढग सोडला, आणि धड्, धड्, धड् असं खरोखर चालायला लागलं. आई बाहेर आली, मुलगी बाहेर आली, बाबा पेपर हातात घेऊन आले. मी ‘मी म्हणालो होतो ना’ असा चेहरा करून उभा राहिलो.

थोड्या वेळाने बाबा ओरडून म्हणाले, “झालं की आता. बंद कर.”

ही गाडी बंद करायची ती डिकंप्रेशनच्या लिव्हरने, आणि त्याची केबल यायची होती. दुसरा उपाय गिअर टाकून क्लच सोडायचा, पण चेन नव्हती, चाकाला कळणार कसं? मी पेट्रोलचा कॉक बंद केला. इंजिनाला त्याची बातमी नव्हती. कार्बोरेटरच्या फ्लोट चेंबरमध्ये त्याची शिदोरी होती आणि ती संपेपर्यंत थांबायची त्याची तयारी नव्हती. ढग वाढत चालला. वाळत घातलेले कपडे दिसेनासे झाले. आई “अरे बंद कर!” म्हणत होती, मी “होतेय, होतेय” म्हणत होतो. शेवटी बाबाच पुढे झाले, हातातल्या पेपरची घडी केली आणि कार्बोरेटरच्या तोंडावर दाबून धरली. इंजिन दोनदा गुरगुरलं आणि थांबलं.

बाबांनी घडी उघडून पेपर ठीक आहे ना पाहिलं. मग गाडीकडे पाहिलं. इतका काळ त्यांनी तिच्याकडे असं पाहिलं नव्हतं.

“परत चालू कर बघू,” ते म्हणाले.

मी किक मारली. मारत राहिलो. जुना मॅग्नेटो थंड असताना उत्तम ठिणगी देतो आणि गरम झाला की संपावर जातो, आतला कंडेन्सर म्हातारा झालेला असतो. तो बदलायचा म्हणजे मॅग्नेटो परत खाली, सगळा खोलायचा, टायमिंग परत पहिल्यापासून, आणि कागदाचं नवं पाकीट. हे मी घाम पुसत बाबांना सांगायला लागलो होतो.

“कंडेन्सर वगैरे काही नाही,” भिंतीवरून काका म्हणाले. “प्लग ओला झालाय. आमच्याकडे होती ना, तिचं पण असंच व्हायचं.”